आगं, पण पिक्चर कवा सुरू होणार?

थिएटरात ज्या गोष्टींवर आपण वैतागतो, माईकसमोर बसलो की नेमक्या त्याच गोष्टी आपण करतो. पॉडकास्ट सुरू करायचाय? मग महागडा कोर्स राहू द्या. तुमचा पिक्चर बघण्याचा सगळ्यात वाईट अनुभव आठवा. सगळं त्यात आहे.

आमचे आबा कानात इअरफोन घालून ओट्यावर बसलेत, हे दृश्यच आमच्या घरात पहिल्यांदा घडत होतं. त्यामुळे सगळे कामं सोडून बघायला आले होते.

झालं असं की, मागच्या उन्हाळ्यात मी आणि माझ्या चुलतभावानं पॉडकास्ट सुरू केला. आम्ही आण्याचे. आळेफाट्यावरून नगरच्या दिशेनं निघालात, बेल्हे मागं टाकून घाट चढलात की पठारावर लागतं ते आणे. पाण्याची कायमची बोंब आणि रंगदास स्वामींच्या यात्रेतली आमटी-भाकरी, या दोन गोष्टींसाठी आमचं गाव पंचक्रोशीत माहितीये. म्हटलं, गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे इतक्या गोष्टी आहेत, त्या रेकॉर्ड करू. पहिला पाहुणा घरचाच. आबा. विषय त्यांच्या आवडीचा, जत्रेतला तंबूतला सिनेमा.

आबा मस्त बोलले. तासभर. एपिसोड टाकला आणि त्यांच्याच कानात इअरफोन घातला.

पहिली चाळीस सेकंदं म्युझिक. मग आमच्या दोघांचं ‘नमस्कार मित्रांनो’. मग आम्हाला पॉडकास्ट का सुरू करावासा वाटला. मग भावाच्या दोस्ताच्या मोबाईल शॉपीची जाहिरात, कारण माईक त्याचा होता. मग लाईक, शेअर, सबस्क्राईब. मग आमचा एक जोक आणि त्यावर आमचंच हसणं.

आबांनी एका कानातला इअरफोन काढला. “आगं पोरी, ह्यात माझं बोलणं कवा येणार?”

“येईल आबा, थांबा जरा.”

ते थांबले. चार मिनिटांनी त्यांचा आवाज आला. पत्र्याच्या खोलीत घुमलेला, मागं पाण्याची मोटार सुरू. आबांनी दोनेक मिनिटं ऐकलं, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “मला काय कळंना बा.” आणि उठून गोठ्याकडे गेले.

मला वाटलं, म्हातारं माणूस, पॉडकास्ट काय कळणार.

शंभर किलोमीटर आणि पंचवीस मिनिटं

पंधरा दिवसांनी आम्ही पाच मैत्रिणी पिक्चर बघायला पुण्याला गेलो. आमच्यासाठी पिक्चर म्हणजे शंभरेक किलोमीटरचा प्रवास. पहाटे उठायचं, एसटी, मग दुसरी बस, मग रिक्षा. घरच्यांची परवानगी हा वेगळाच पिक्चर. परतीची शेवटची गाडी ठरलेली, म्हणून शोची वेळ बघून, शो किती वाजता सुटेल याचा हिशेब मांडून निघालो होतो.

तिकिटावरच्या वेळेला आम्ही खुर्चीत होतो. मग जाहिराती. सोन्याची, फ्लॅटची, पंख्याची, परत सोन्याची. ट्रेलर. परत जाहिराती. मोबाईलमध्ये वेळ बघत मी पुटपुटले, “अरे, पिक्चर कधी सुरू होणार?”

आमचा हिशेब चुकला. क्लायमॅक्सला दहा मिनिटं असताना आम्ही पाचजणी लोकांच्या पायांवर पाय देत, ‘सॉरी सॉरी’ करत बाहेर पडलो. गाडी मिळाली, पण शेवट काही मिळाला नाही.

एसटीत रागानं धुमसत बसले होते. घाट सुरू झाला, फोनची रेंज गेली आणि एकदम आठवलं, हे वाक्य मी नुकतंच ऐकलंय. ओट्यावर. आबांकडून.

मल्टिप्लेक्सनं मला जे केलं, तेच मी आबांना केलं होतं.

लांबी हा प्रॉब्लेम नाहीच

असा राग येणारी मी एकटी नाही. बंगळुरूच्या एका प्रेक्षकानं डिसेंबर २०२३ मध्ये ‘सॅम बहादूर’चं तिकीट काढलं. वेळ दुपारी ४ वाजून ५ मिनिटं. पिक्चर सुरू झाला साडेचारला. मधली पंचवीस मिनिटं जाहिराती आणि ट्रेलर. त्यानं सरळ ग्राहक आयोगाचं दार ठोठावलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगानं त्याच्या बाजूनं निकाल दिला, भरपाई द्यायला सांगितली आणि तिकिटावर पिक्चर प्रत्यक्ष सुरू होण्याची वेळ छापा, असंही सांगितलं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक हायकोर्टानं त्या आदेशाला स्थगिती दिली, ते वेगळं. पण ‘माझा वेळ फुकट नाही’ हे एका प्रेक्षकानं कोर्टापर्यंत नेलं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे पॉडकास्ट छोटाच करायचा? तर नाही. तीन तासांचा पिक्चर आपण आनंदानं बघतो. ‘अमुक तमुक’सारख्या मराठी पॉडकास्टचे एपिसोड तास-तास चालतात आणि लोक ते ऐकतात.

आणि आमच्या जुन्नर तालुक्यातल्या माणसाला तर हे शिकवायलाच नको. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. तिथल्या राहुट्यांमध्ये गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. तमाशात मूळ कथा, म्हणजे वग, लगेच सुरू होतो का? नाही. आधी गण, मग गवळण, मग बतावणी. तरी कोणी घड्याळ बघत नाही. कारण गण-गवळण हाही खेळच आहे. गवळणीतली मावशी आली की हसून हसून पोट दुखतं. वगाच्या आधीचा तो वेळ प्रेक्षकासाठीच असतो.

मल्टिप्लेक्समधली पंचवीस मिनिटं जाहिरातदारासाठी असतात. आमची चार मिनिटं आमच्यासाठी होती. ऐकणाऱ्याला फरक बरोबर कळतो. इंट्रो मोठा की छोटा हे नंतर बघा. तो कुणासाठी आहे, हे आधी बघा.

चित्र गेलं तर चालतं, आवाज नाही

आबांच्या तंबूत वैताग कमी नव्हता. जमिनीवर बसायचं, बाया एकीकडे, बाप्ये एकीकडे. गर्दी झाली की काही जण पडद्याच्या मागच्या बाजूनं बघायचे, तिथून हिरो डावखुरा दिसायचा आणि पाटी उलटी. रीळ तुटायचं. जनरेटर बंद पडायचा. आबा म्हणतात, चित्र अंधूक झालं, हललं, तरी पब्लिक बसून राहायचं. पण आवाज गेला की पहिल्या सेकंदाला शिट्ट्या आणि आरडाओरडा.

कधी कधी आवाज आधी यायचा आणि ओठ नंतर हलायचे. त्यामागचं कारण मला नंतर कळलं. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्राच्या कडेला आवाजाची पट्टी छापलेली असते. प्रोजेक्टरमध्ये चित्र दाखवणारी जागा वेगळी आणि आवाज वाचणारी जागा वेगळी, म्हणून आवाज त्याच्या चित्रापासून साधारण वीस चौकटी पुढं छापतात. सेकंदाला चोवीस चौकटी पळतात. ऑपरेटरनं रीळ लावताना फिल्मचा फास कमी-जास्त ठेवला की झालं, हिरोचे संवाद हिरॉईनच्या तोंडी.

तंबूतल्या ऑपरेटरची अडचण तरी समजू शकते. पण २०२० मध्ये आलेल्या क्रिस्टोफर नोलनच्या ‘टेनेट’वरही जगभरातल्या प्रेक्षकांनी हीच तक्रार केली, म्युझिक आणि स्फोटांच्या आवाजात संवादच ऐकू येत नाहीत. म्हणजे कोट्यवधी डॉलर खर्चूनही हा वैताग देता येतो. आम्ही तर तो उसन्या माईकवर दिला.

आमच्या एपिसोडमध्ये माझा आवाज मोठा, कारण माईक माझ्याजवळ. आबांचा बारीक. ऐकणारा त्यांच्यासाठी आवाज वाढवणार आणि मी हसले की कान धरणार. आता आम्ही शिकलोय. दोन्ही आवाज एका पातळीवर आणायचे. ॲपल पॉडकास्टनं एपिसोडची एकूण पातळी उणे १६ लफ्सच्या आसपास ठेवायला सांगितलंय. लफ्स म्हणजे कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं माप. एडिटिंगच्या बऱ्याच फुकट सॉफ्टवेअरमध्ये ते दिसतं.

आणि शांतता. आमच्याच तालुक्यात खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. अंतराळातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत त्या टिपतात. ही जागा निवडण्यामागं एक मोठं कारण होतं, इथं माणसानं केलेला रेडिओ गोंगाट कमी आहे. शाळेच्या सहलीत मी ते बघून आलेय. क्षीण आवाज ऐकायचा तर आधी आपला गोंगाट कमी करावा लागतो, हे शास्त्रज्ञांनी आमच्या दारात येऊन सांगितलं आणि आम्ही पाण्याची मोटार बंद न करता रेकॉर्डिंग केलं!

मागच्या रांगेतले ते दोघं

प्रत्येक थिएटरात ते असतात. एकानं पिक्चर आधीच बघितलेला असतो. “आता बघ, आता बघ काय होतं.” मग दोघं कशावर तरी खिदळतात. जोक पडद्यावरचा नसतो, त्यांच्या हॉस्टेलचा असतो. आपण मागं वळून बघतो, पण बोलत नाही. नुसते वैतागतो.

पॉडकास्टमध्ये दोन होस्ट असले की हे दोघं होण्याचा धोका शंभर टक्के. “अरे तो किस्सा आठवतो का, पश्याचा?” आणि मग अर्धा मिनिट हसणं. ऐकणाऱ्याला पश्या कोण ते माहीत नाही. थिएटरात आपण निदान खुर्ची बदलू शकत नाही म्हणून बसून राहतो. इअरफोनवाला एका अंगठ्यात निघून जातो. आमचा आकडा बघितला तर बहुतेक जण पहिल्या तीन-चार मिनिटांतच गळाले होते. म्हणजे आबा यायच्या आधीच.

मी तो एपिसोड परत ऐकला तेव्हा अजून एक गोष्ट दिसली, आणि तिची लाज वाटली. आबा सांगत होते की तंबूत तिकिटाला पैसे नसले की पोरं तंबूच्या खालून सरपटत आत घुसायची, आणि एकदा ते पकडले गेले. तिथं मी मध्येच बोलले, “हो ना, आमच्या कॉलेजात पण गॅदरिंगला असंच...” आणि माझा किस्सा सुरू. आबा थांबले. पकडल्यावर पुढं काय झालं, ते रेकॉर्डिंगमध्ये नाहीच.

त्या दिवशी मागच्या रांगेतली ती मीच होते.

मध्यंतर कुठं घ्यायचं?

मध्यंतर ही आपली खास गोष्ट. आपले पिक्चर मध्यंतर धरूनच लिहिले जातात. नेमकी तिथं कलाटणी येते आणि बाहेर समोसा खाताना आपण पुढं काय होईल यावर भांडतो. पण हॉलिवूडच्या पिक्चरला बहुधा मध्यंतर नसतं, तरी आपल्याकडे ते पाडतात. कधी कधी तर माणूस बोलता बोलता. अर्धं वाक्य मध्यंतराआधी, अर्धं पॉपकॉर्ननंतर.

पॉडकास्टमध्ये जाहिरात घ्यावी लागते, मान्य. माईक उसना असला की मोबाईल शॉपीही घ्यावी लागते. पण ती कुठं घ्यायची हे तुमच्या हातात आहे. पाहुण्याचा एक किस्सा संपला, पुढच्याची उत्सुकता लागली, तिथं थांबा. गळा दाटून आलेला माणूस बोलत असताना ‘आता एक छोटासा ब्रेक’ म्हणजे गुन्हा.

सगळंच सांगून टाकणारा ट्रेलर

अजून एक वैताग. ट्रेलरमध्येच सगळे जोक, सगळी फायटिंग आणि अर्धा शेवट. थिएटरात बसून आपण फक्त खात्री करत राहतो. हल्ली पॉडकास्टच्या सुरुवातीलाही पाहुण्याची सगळी भारी वाक्यं कापून लावतात. आणि मथळा असा की ऐकून झाल्यावर फसवल्यासारखं वाटावं.

यावर दादासाहेब फाळक्यांचा एक किस्सा नेहमी सांगतात. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. पुढं सुरतेत मात्र लोक फिरकेनात. तासन्तास चालणारं नाटक बघायला मिळत असताना छोट्याशा सिनेमाला कोण येणार? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली, सत्तावन्न हजार फोटो, तेही फक्त तीन आण्यांत. गर्दी लोटली.

(तीन आण्यांत. आमच्या गावाचं नाव आणे असल्यामुळे हा किस्सा मला जरा जास्तच आवडतो.)

यात बघा, त्यांनी गोष्ट फोडली नाही आणि खोटंही बोलले नाहीत. फिल्मवर तेवढे फोटो होतेच की! जे आहे तेच, पण कान टवकारतील असं सांगितलं. आमच्या एपिसोडचं नाव आम्ही ‘आठवणींचा खजिना’ ठेवलं होतं. कुणाच्या, कसल्या, काही पत्ता नाही. आता नाव आहे ‘पडद्याच्या मागून पिक्चर बघणारा माणूस’.

दिवे लावायची घाई

सगळ्यात वाईट वैताग शेवटचा. पिक्चर संपत आलेला असतो आणि कोणीतरी दार उघडतं. बाहेरचा उजेड पडद्यावर. लोक उठतात.

‘सैराट’ (२०१६) आठवा. शेवटी नागराज मंजुळेंनी आवाजच काढून घेतला. ते लहान लेकरू, त्याची पावलं आणि एक शब्द नाही. तिथं पार्श्वसंगीत लावलं असतं, तर आपण रडून मोकळे झालो असतो. ती शांतता घरापर्यंत सोबत आली.

आता कल्पना करा, त्या शांततेवर कोणी ओरडलं असतं, “तर मित्रांनो, कसा वाटला पिक्चर, कमेंटमध्ये नक्की सांगा!”

आम्ही हेच केलं होतं. आबांचं शेवटचं वाक्य होतं, की आता तंबू येत नाही, पण जत्रेत रात्री जनरेटरचा आवाज आला की पाय आपोआप तिकडं वळतात. त्याच्यावर आमचं म्युझिक धाडकन आदळलं होतं.

परत रेकॉर्ड केलं, पण...

‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाची एक डॉक्युमेंटरी आहे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या तंबूंच्या सिनेमावर ती केली. २०१६ मध्ये ती कान महोत्सवात दाखवली गेली. गंजलेले प्रोजेक्टर, भिजलेली रिळं, आणि एक दिवस त्या जागी येणारं डिजिटल मशीन. त्या दोघांनी वर्षानुवर्षं त्या ट्रकांच्या मागं फिरून हे टिपलं, म्हणून ते जगाला दिसलं. आमच्या गावातल्या आठवणींच्या मागं फिरणारं आमच्याशिवाय कोण आहे? आणि आम्ही ते असं रेकॉर्ड करणार असू की ऐकवणार नाही, तर रेकॉर्ड न केल्यासारखंच.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आबांसमोर परत बसलो. मोटार बंद. खोलीत चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या, आजी म्हणाली, “काय मांडलंय ह्ये?” मी एकच प्रश्न विचारला, “आबा, त्या दिवशी तंबूत पकडल्यावर काय झालं?” आणि गप्प बसले.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “काय झालं म्हंजी... आता नीट आठवत न्हाय गं. मागं सांगितलं व्हतं की म्या.”

सांगितलं नव्हतं. मी सांगू दिलं नव्हतं. तो किस्सा गेला. बाकीचं मात्र त्यांनी भरभरून सांगितलं. अकरा मिनिटांचा एपिसोड झाला, सुरुवातच त्यांच्या आवाजात. माझं नाव शेवटी, एकदाच. आबांना ऐकवला. या वेळी त्यांनी इअरफोन काढला नाही. संपल्यावर म्हणाले, “परत लाव.”

रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी

- पहिल्या तीस सेकंदांत पाहुण्याचा आवाज किंवा मूळ विषय यायलाच हवा. तुमची ओळख त्यानंतर.
- मोटार, पंखा, फ्रिज बंद. पत्र्याची खोली असेल तर गोधड्या, चादरी टांगा. कपड्यांनी भरलेलं कपाटही चालतं.
- माईक तोंडापासून वीतभर लांब. पाहुण्याचा आवाज आधी तपासा, आपला नंतर.
- बोलणं सुरू होण्याआधी रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड करा. नंतर खरखर काढताना तोच कामाला येतो.
- पाहुणा थांबला की मनात पाचपर्यंत मोजा. बहुतेक वेळा खरी गोष्ट चारवर सुरू होते.
- ज्याची गोष्ट आहे, त्याला पहिल्यांदा ऐकवा. त्यानं इअरफोन कितव्या मिनिटाला काढला, ते लिहून ठेवा.
- एपिसोड टाकण्याआधी एसटीत बसून, साध्या इअरफोनवर ऐका. घाटात, खिडकी उघडी ठेवून समजला, तर सगळीकडे समजेल.